दोनशे किलोमीटरची तयारी आणि रोजचे सोळा

येत्या डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे ६ वाजता मला पुण्यातून सायकलवर निघायचं आहे आणि संध्याकाळी साडेसातच्या आत २०० किलोमीटर पुरे करून परत यायचं आहे. या प्रकाराला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. ही शर्यत नसते. कितवे आलात हे कुणी विचारत नाही, फक्त साडेतेरा तासांत पोचलात की नाही एवढं बघतात. माझं वय ५१. गेल्या वर्षापर्यंत माझा सर्वांत लांबचा सायकलप्रवास म्हणजे गंज पेठेतून सारसबाग आणि परत. त्यामुळे तयारी करणं भागच होतं, आणि गेले चार महिने तीच चालली आहे.

घराच्या एका कोपऱ्यात सामान साठत गेलंय. हेल्मेट, रात्री चमकणारं जाकीट, पुढचा-मागचा दिवा, दोन जादा ट्यूब, पंप, पान्ह्यांचा जुडगा, मीठ-साखरेच्या पुड्या, खजुराचं पाकीट, बुडाला गादी शिवलेली ती विचित्र चड्डी. अब्बा ८३ वर्षांचे आहेत. खाटेवर बसून ते हा ढीग रोज बघायचे. एका संध्याकाळी शेवटी बोललेच, “इत्ता सामान? हज कू जारा क्या?”

घरात सगळे हसले, मीही हसलो. पण पूर्वी आमच्या घराण्यात लांबच्या प्रवासाची खरी तयारी हजलाच होत असे. मुंबईहून जहाज सुटायचं. १९९५ पर्यंत हज समुद्रमार्गेही होत होता. निघण्याआधी माणूस देणी फेडायचा, मोहल्ल्यात घरोघर जाऊन ‘कहासुना माफ’ म्हणायचा, मागे राहणाऱ्यांची सोय लावायचा, आणि मग पेटी भरायचा. सामान शेवटी यायचं. माझ्या तयारीत मात्र सामान पहिलं आलं होतं. अब्बांच्या चेष्टेचा मला राग आला नाही, उलट मी लांबच्या सायकलप्रवासाच्या तयारीचा इतिहास शोधायला बसलो. तो शोधता शोधता आमच्याच घरात येऊन थांबेन असं वाटलं नव्हतं.

उगवतीपासून मावळतीपर्यंत

आधी या ब्रेव्हेचं मूळ. १८८५ च्या सुमारास इंग्लंडात दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल बाजारात आली आणि तीनच वर्षांत डनलॉपचा हवा भरलेला टायर निघाला. त्याआधी पुढे प्रचंड आणि मागे चिमुकलं चाक असलेली सायकल होती. थॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून अशाच सायकलवर जगप्रवासाला निघाला होता. १८८६ मध्ये तो लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने कोलकात्यापर्यंत आपल्या देशातूनही गेला. पण तो वेड्या धाडसाचा काळ होता. हवेच्या टायरने लांबचा प्रवास साध्या माणसाच्या आवाक्यात आणला.

१८९१ मध्ये पॅरिसच्या एका वर्तमानपत्राने पॅरिसहून ब्रेस्त या बंदरापर्यंत आणि परत अशी जवळजवळ १२०० किलोमीटरची शर्यत ठेवली. शार्ल तेरों याने ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली, तीही न झोपता. पुढे १८९७ च्या जूनमध्ये इटलीत काही सायकलस्वारांनी वेगळाच पण केला. रोम ते नेपल्स हे २३० किलोमीटर अंतर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पुरं करायचं, कुणाला हरवायचं नाही, सगळ्यांनी मिळून पोचायचं. अशा लोकांना ‘ऑडॅक्स’ म्हणू लागले. हा लॅटिन शब्द आहे, अर्थ धाडसी. १९०४ मध्ये फ्रान्सने ही कल्पना उचलली. उचलणारा माणूस आंरी देग्रांज, आदल्याच वर्षी ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारा. १९२१ पासून ज्याने त्याने आपल्या वेगाने जायचं, पण ठरलेल्या वेळेत पोचायचं, अशा ब्रेव्हे सुरू झाल्या. तोच नियम आज पुण्यातही चालतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एकाच हंगामात चारही पुरे केले की पदवी मिळते.

या नियमांतला एक मला फार आवडतो. वाटेत तुमची काळजी तुम्हीच घ्यायची. मागे गाडी घेऊन कुणी यायचं नाही. पंक्चर तुम्ही काढायचं, तहान-भूक तुम्ही ओळखायची, दुकानात थांबून पाण्याची बाटली तुम्ही घ्यायची. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी एका कार्डावर शिक्का किंवा सही घ्यायची.

हे सगळं युरोपातलं झालं. आपल्याकडे काय होतं?

मुंबईचे सहा जण

आपल्याकडच्या लांबच्या सायकलप्रवासाची गोष्ट मुंबईच्या पारशी तरुणांपासून सुरू करावी लागते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा जण जगाला फेरी मारायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमान कापडिया. सहाही जण मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबातले. म्हणजे त्यांची तयारी तालमीतली होती. लोखंड उचलून पाठ, मांड्या आणि मनगटं तयार झालेली. लांबच्या प्रवासात आधी पाठ आणि मनगटं बोलायला लागतात, पाय नंतर. हे मला चार महिन्यांत कळलंय, त्यांना कदाचित निघण्याआधीच माहीत असावं.

पंजाब, बलुचिस्तान, इराण, बगदाद, सीरियाचं वाळवंट, इजिप्त, इटली, आल्प्स, इंग्लंड, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश अशी त्यांची वाट. वाळवंटात उन्हाने आणि तहानेने त्यांचे हाल झाले. सहांतले कापडिया तेहरानहून परत फिरले. हाथीराम अमेरिकेतच राहिले. पोचखानावाला तिथून मायदेशी आले. मार्च १९२८ मध्ये उरलेले तिघे मुंबईला पोचले तेव्हा ७१,००० किलोमीटर झाले होते. १९३१ मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं. त्यांच्या मागोमाग १९२४ मध्ये फ्रामरोज दावर मुंबईहून एकटेच निघाले. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले, ते १९४२ मध्ये परतले.

१९२३ च्या त्या सहा जणांच्या प्रवासाचा मी हिशेब मांडून पाहिला. चार वर्षं आणि पाच महिने म्हणजे साधारण १,६०० दिवस. ७१,००० भागिले १,६००, म्हणजे रोजचे सरासरी ४४ किलोमीटर. थांबे, जहाजं, आजारपणं सगळं धरून. आकडा बघून धीर आला. जगप्रवास म्हटलं की डोळ्यांपुढे अचाट काहीतरी येतं, पण त्याच्या मुळाशी रोजचे ४४ किलोमीटर आहेत. गंज पेठेतून खेड शिवापूरच्या कमरअली दरवेश यांच्या दर्ग्यापर्यंत जाऊन परत आलं की पन्नासच्या आसपास होतात.

माझी पहिली खरी सरावफेरी तीच होती. कात्रजचा घाट चढताना दोनदा उतरून ढकलली. दर्ग्यावर पोचलो तेव्हा अंगणात अकरा जण एकेका बोटाने तो जड दगड उचलत होते. इथे रोजच दिसणारं दृश्य आहे हे, आणि उचलणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. माझी बोटं हँडल धरून एवढी बधिर झाली होती की मी बारावा म्हणूनही कामाचा नव्हतो. फातेहा पढलो, दोन केळी खाल्ली आणि परत फिरलो.

घरी आल्यावर मोठ्या अभिमानाने सांगितलं, “पन्नास किलोमीटर झाले.” अब्बांनी विचारलं, “गुडघे दुखरे क्या?” म्हटलं, हो. “सीट नीचे है तेरी. टाच पायडल पे रख. पाय सीधा हुआ तो सीट बराबर.”

त्याच आठवड्यात सायकलची मापं घेणाऱ्या एका जाणकाराकडे गेलो होतो. त्याने फीत लावली, अंश मोजले, मोबाइलवर चित्रफीत काढली आणि शेवटी सीट अडीच सेंटिमीटर वर केली. घरी येऊन टाच पेडलवर ठेवून पाहिली. पाय सरळ झाला होता. तेव्हा पहिल्यांदा अब्बांना नीट विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं?

भोंग्याच्या वेळेची सायकल

अब्बा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. हा कारखाना १८६९ चा. पुणे ‘सायकलींचं शहर’ म्हणून प्रसिद्ध होतं असं आपण सांगतो, तेव्हा बहुतेकांना आठवतात ते सदाशिव पेठेतून कॉलेजात जाणारे विद्यार्थी, नऊवारीतल्या शिक्षिका, टोपी घातलेले कारकून. ते खरंच आहे. पण त्या शहराचा मोठा हिस्सा भोंग्याच्या वेळेवर चालत होता. खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने, १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९५० च्या दशकात पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज. पाळी सुटली की मुंबई रस्त्यावर सायकलींचा लोंढा यायचा. अब्बा म्हणतात, “पाँव जमीन पे रखने कू जगा नई रैती थी.”

अब्बा १९६७ मध्ये लागले. सायकल घेतली ती सरकारी उचल काढून. तेव्हा केंद्र सरकारच्या नोकराला सायकल खरेदीसाठी बिनव्याजी उचल मिळायची आणि ती पगारातून हप्त्याहप्त्याने कापली जायची. ही सोय सातव्या वेतन आयोगानंतर, म्हणजे अगदी अलीकडे, बंद झाली. सायकल होती ॲटलस, काळी, बावीस इंची. ॲटलसचा कारखाना १९५१ मध्ये सोनीपतला निघाला आणि त्याच सुमारास आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टी. आय. सायकल्स, थोड्या वर्षांनी लुधियानाला हीरो उभे राहिले. त्याआधी सायकल म्हणजे बहुतेक विलायतेहून आलेली वस्तू होती. स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षांत ती कामगाराच्या दारात उभी राहिली ती या कारखान्यांमुळे. २०२० मध्ये ३ जूनला ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम थांबलं. योगायोग असा की तो जागतिक सायकल दिन होता. बातमी मी वाचून दाखवली तेव्हा अब्बा फक्त “अच्छी गाडी थी” म्हणाले.

त्यांचा रस्ता ठरलेला. गंज पेठ, शनिवारवाडा, नवा पूल, शिवाजीनगर, वाकडेवाडी, खडकी. नवा पूल म्हणजे आजचा शिवाजी पूल. तो १९२३ मध्ये खुला झाला, म्हणजे मुंबईचे सहा जण निघाले त्याच वर्षी. एका बाजूने आठ किलोमीटर. सकाळच्या पाळीला अंधारात निघायचं, म्हणून दिवा हवा. दिवा नसेल तर पोलीस थांबवायचा. सायकलला पालिकेचा बिल्ला हवा, तो नसेल तरी थांबवायचा. डबलसीट तर विचारूच नका. पावसाळ्यात डबा कॅरिअरला, डोक्यावर घोंगता, पायात गमबूट. वर्षातून दोनदा ओव्हरऑइलिंग. सगळी सायकल खोलून छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचं, चाकाचा आऊट काढायचा. हे काम अब्बा मिस्त्रीकडून करून घेत नसत. मिस्त्रीशेजारी बसून शिकले आणि मग घरीच रविवारी करत.

सीटखाली एक पत्र्याचा डबा बांधलेला असे. त्यात पंक्चरचं सामान. जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे, सोल्युशनची नळी, काचकागद, दोन चमचे. हो, जेवणाचे चमचे, टायर काढायला. व्हॉल्व्ह ट्यूबचा वीतभर तुकडा. पाळी चुकली तर पगार कापला जायचा, म्हणून वाटेतलं पंक्चर आपणच काढायचं. तुमच्या मागे गाडी घेऊन कुणी येणार नसे. मी ब्रेव्हेचा नियम वाचून दाखवला, तेव्हा अब्बांना त्यात नियम काय आहे तेच कळेना.

माझी मुलगी हे सगळं ऐकत होती. माझ्या सरावाचे आकडे मोबाइलवर तीच बघते. ती म्हणाली, दादाजानचे किती झाले काढू या. रोजचे १६. रविवार, सणवार, रजा, आजारपण वजा करून वर्षाचे २८० दिवस. १९६७ ते १९९८ अशी ३१ वर्षं. त्यानंतर गुडघ्यांमुळे अब्बा बसने जाऊ लागले. सोळा गुणिले दोनशे ऐंशी, गुणिले एकतीस. उत्तर आलं १,३८,८८० किलोमीटर.

पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर. म्हणजे अब्बांनी पृथ्वीला जवळजवळ साडेतीन फेऱ्या मारल्या. मुंबईच्या सहा जणांच्या ७१,००० च्या जवळजवळ दुप्पट. आणि या सगळ्या काळात ते दापोडीच्या पुलापलीकडे सायकलवर एकदाही गेले नाहीत.

मुलीने आकडा सांगितला तेव्हा मला वाटलं अब्बा खूश होतील. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “एक बार जाने वाला था. बंबई.”

डिसेंबर १९७१

ही गोष्ट मी ५१ वर्षांत कधी ऐकली नव्हती. आईलाही अर्धवटच माहीत होती.

१९७१ मध्ये अब्बा २९ वर्षांचे होते. खात्यातल्या दोन सहकाऱ्यांबरोबर, एक दापोडीचे मराठा आणि एक बोपोडीचे बौद्ध, त्यांनी ठरवलं की सायकलवर मुंबईला जायचं. मुंबई–पुणे सायकल शर्यत हे तिघे दरवर्षी खडकीच्या रस्त्यावर उभे राहून बघत. बोरघाट चढून सर्वांत आधी वर येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्याची चर्चा कारखान्यात आठवडाभर चाले. आपल्याला शर्यत नको, पण तोच रस्ता एकदा उलटा पार करू, असं ठरलं. घाट उतरून जायचं, हाजी अलीला सलाम करायचा, समुद्र बघायचा, एक रात्र राहायचं आणि घाट चढून परत यायचं. डिसेंबरात थंडी असते म्हणून डिसेंबर.

तीन महिने तयारी केली. रविवारी तिघे मिळून देहूरोडपर्यंत जायचे असं ठरायचं, पण कुणाच्या तरी घरी काम निघायचं, मग चिंचवडलाही न जाता दापोडीच्या पुलाशी चहा पिऊन परत. तरी सायकली तयार होत्या. अब्बांनी दोन्ही चाकांच्या तारा नव्या भरल्या. सामानाची यादी त्यांना आजही पाठ आहे, बोटांवर मोजून सांगितली. जादा ट्यूब एक, तिघांत मिळून. साखळीच्या दोन कड्या. छर्रे मूठभर, रुमालात बांधून. पान्हा. खोबरेल तेलाची बाटली, साखळीला आणि मांडीलाही. गूळ, फुटाणे, खजूर. एक चादर. पाच रुपये वेगळे, सीटच्या कातड्याखाली, कुणाला न सांगता.

“ये पाँच रुपये कायकू?” नातीने विचारलं.

“ट्रेन का तिकट. हिंमत हारी तो.”

रजेचा अर्ज दिला होता. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. दारूगोळ्याचा कारखाना, कामाचा ताण कसा असेल ते सांगायला नको. तिघांनीही आपण होऊन अर्ज मागे घेतले. युद्ध १६ तारखेला संपलं. हे मी कुणाला प्रमाणपत्र दाखवायला लिहीत नाही. अब्बांनी ते तसं सांगितलंही नाही. त्यांच्या सांगण्यात युद्ध म्हणजे घरी उशिरा येणं, खिडक्यांना काळे कागद आणि सायकलच्या दिव्यालाही लावलेला काळा कागद. मी विचारलं, मग जानेवारीत का नाही गेलात? जानेवारीत फुफीचं लग्न ठरलं. त्यानंतर दापोडीच्या सहकाऱ्यांची बदली झाली. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ, गावाकडचे नातेवाईक पुण्यात आले, घरात चौदा माणसं. त्यानंतर मी झालो. “फिर क्या,” अब्बा म्हणाले, “रोज का रोज.”

सीटखालच्या पाच रुपयांचं काय झालं तेही विचारलं. फुफीच्या लग्नात गेले.

मुसाफिर कोण

आमच्या हनफी फिक्हमध्ये मुसाफिर कुणाला म्हणायचं याचा हिशेब आहे. मुळात तीन दिवसांच्या चालीचं अंतर, आणि आपल्याकडचे उलेमा ते ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर धरतात. तेवढ्या किंवा त्याहून लांबच्या ठिकाणी जायला निघालेला माणूस आपल्या वस्तीबाहेर पडला की मुसाफिर होतो. त्याच्यासाठी चार रकातींचा फर्ज दोनवर येतो. रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. प्रवासात माणूस थकतो हे शरियतने मान्य केलंय, म्हणून सवलत.

माझ्या ब्रेव्हेचा रस्ता कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ, खंबाटकी घाट, सुरूर आणि पुढे साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाट्यापर्यंत. शंभर किलोमीटर जायचे, शंभर यायचे. जाताना खंबाटकीचा घाट चढायचा, येताना बोगद्यातून यायचं. म्हणजे मी मुसाफिर. जुहर आणि असर दोन-दोन रकात. हे ठरवून घेताना अब्बांकडे बघितलं आणि लक्षात आलं की हा माणूस ३१ वर्षं सायकलवर होता, पृथ्वीभोवती साडेतीनदा जाऊ शकेल एवढा चालला, आणि एक दिवसही मुसाफिर नव्हता. पाळीवरून आल्यावर पूर्ण चार रकात, रमजानात पूर्ण रोजे, आणि रोजा ठेवून आठ अधिक आठ किलोमीटर. नियमात चूक काहीच नाही. नियम सफरीचा आहे, कष्टाचा नाही. पण अंतर मोजण्याची आपली सवय कशी आहे ते मला यातून कळलं. एका दमात कापलेलं अंतर आपण मोजतो, त्याला पदक, पुस्तक, सवलत देतो. रोजचं अंतर कुणी एकत्र करत नाही.

इतिहास लिहिणारेही तेच करतात. मुंबईच्या सहा जणांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांनी केलं ते कुणालाही सहज जमणारं नाही. पण भारतातल्या सायकलचा इतिहास फक्त तेवढाच लिहिला, तर दूधवाले, पाववाले, पोस्टमन, लाइनमन, तिन्ही पाळ्यांचे कामगार त्यात येतच नाहीत. आज पुण्यात आमच्या ब्रेव्हेला येणाऱ्यांत लाखाची सायकल असलेले पुष्कळ आहेत. चांगली माणसं आहेत, मला चढावर कसं जायचं ते त्यांनीच शिकवलं. पहाटे सरावाला निघालं की पर्वतीच्या पायथ्याशी आमच्या शेजारून वॉचमन, सफाई कामगार, भाजीवाले जुन्या काळ्या सायकलींवर जातात. त्यांच्या अंगावर चमकणारं जाकीट नसतं, मागे दिवा नसतो. आम्ही त्यांना सायकलस्वार म्हणत नाही. रस्त्यांना सायकल मार्ग हवेत म्हणून पालिकेकडे मागणी करताना आम्ही आमच्या पाचशे जणांची नावं देतो, त्यांची सही घ्यायला कुणी थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो.

आता तयारीत थोडा बदल केलाय. गेल्या महिन्यात ८० किलोमीटर झाले, परवा १२०. दर पाऊण तासाला काहीतरी खातो, भूक लागायची वाट बघत नाही. चढावर गिअर हलका ठेवतो, पाय जोरात दाबण्यापेक्षा भराभर फिरवतो. फजर घरी पढून निघणार. परतीच्या बोगद्यात दिवा चालू हवा, म्हणून बॅटरी तपासून ठेवली. पंक्चर स्वतः काढायला शिकलो. पहिल्यांदा पस्तीस मिनिटं लागली, अब्बा घड्याळ लावून बसले होते. आता बारा मिनिटांत होतं. “मेरा सात,” ते म्हणतात.

कोपऱ्यातला ढीग निम्मा कमी केला. अब्बांनी एकेक वस्तू हातात घेऊन विचारलं, “ये कायकू?” उत्तर देता आलं नाही ती वस्तू बाहेर. खोबरेलची छोटी बाटली आत आली. पत्र्याचा डबा मात्र कधीच भंगारात गेला होता, तो मिळाला नाही.

आणि पहाटेच्या सरावात रोज भेटणाऱ्या एका वॉचमन काकांना मागच्या गुरुवारी थांबवून विचारलं, कुठून येता, कुठे जाता. धनकवडीहून कॅम्पात, रात्रपाळी करून परत. एका बाजूचे नऊ-दहा किलोमीटर. किती वर्षं? “बावीस.” मी मनात गुणाकार करायला लागलो तोवर ते म्हणाले, “तुमची मागची ब्रेक घासतीये साहेब, बघा जरा.” बघितलं. घासत होती. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, पान्हा मागितला आणि दोन मिनिटांत नीट करून दिली.

अर्जाचा पुढचा मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. त्यावर पहिली सही त्यांची घेणार आहे. अब्बांनी आपली सही आधीच केली आहे, उर्दूत, आणि खाली मराठीत ‘खडकी’ असं लिहिलंय.